प्रवचनाला झोपलेला आत्मा

वसईत कापड विकता विकता मी तत्त्वज्ञान फुकटात शिकलो, मंडळी. गिऱ्हाईक कापड मोजून घेतं, ज्ञान मात्र न मोजता देऊन जातं.

एकदा कार्मेलीन डाबरे आपल्या लेकीला, रिताला घेऊन आली; चर्चमध्ये तिच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या विधीला झगा शिवायचा, म्हणून पांढरं कापड हवं होतं. रिता अंगानं वाढलेली, समज मात्र लहानग्या लेकराची. दुकानात फादर वेदीसाठी वस्त्र पाहत होते आणि सोबत चर्च समितीचे प्रमुख, पास्कोल सर.

सर म्हणाले, “फादर, मोठमोठे तत्त्ववेत्ते सांगून गेलेत, आत्मा म्हणजे विचारशक्ती. या पोरीला विचारच नाही, तर प्रसाद देणार कुणाला?”

माझी कात्री हातातच थांबली.

कार्मेलीन म्हणाली, “सर, दर रविवारी मी तुमच्या मागच्याच बाकावर असते. प्रवचन सुरू झालं की तुम्ही घोरता. तेव्हा विचार चालू असतो का हो?”

“झोपेत कसला विचार, बाय?”

“मग तुमचा आत्मा तेव्हा जातो कुठं?”

“जाईल कुठं? आतच असतो!”

“तसा हिचाही आतच आहे. तुमचा प्रवचनाला झोपतो आणि प्रसादाला बरोबर उठतो. हिचाही उठेल, तिला रांगेत उभी तर राहू द्या.”

फादर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “शेठ, कापा कापड!” म्हणाले.

सर खाली बघत पुटपुटले, “झालरही लावा. माझ्याकडून.”

रिताच्या प्रसादाच्या रविवारी सर प्रवचनभर टक्क जागे होते. ती मात्र आईच्या खांद्यावर गाढ झोपली, आणि प्रसादाची घंटा वाजताच आपली आपण उठून उभी राहिली.