एका वायरीत भागतंय

एकदा एका वृद्ध गुरूने नव्याकोऱ्या वायरीचे एक तोंड कापून टाकले, आणि ते पाहून त्याची शिष्या त्याच्यावर मनापासून संतापली. गोष्ट एवढीच आहे. पण ती नीट कळायची तर थोडे मागे जायला हवे.

हा गुरू कोणी मठातला साधू नव्हता. तंत्रनिकेतनात तीस वर्षे विजेचे शास्त्र शिकवून निवृत्त झालेला मास्तर होता तो. बाजारपेठेतल्या एका इमारतीच्या तळघरात त्याचे लहानसे दुकान होते. लोकांना हवा तसा संगणक तो तिथे सुटे भाग जोडून तयार करून देई. त्याच्या दोन सवयींना सगळा बाजार हसत असे. एक म्हणजे, जोडलेले प्रत्येक यंत्र तो तासभर पूर्ण ताकदीने चालवायचा आणि मग मीटर बाजूला ठेवून आतल्या वायरींना हाताची मागची बाजू लावून बघायचा. दुसरी सवय त्याहून विचित्र. त्याच्या टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, आणि तो वायरींच्या कापलेल्या तोंडांनी भरलेला होता. ती कशाला कापली, हे त्याने कधी कोणाला सांगितले नव्हते.

शिष्या इंजिनिअर होती. दोन वर्षे त्याच्या हाताखाली शिकून ती तरबेज झाली होती. हात चपळ, डोके त्याहून चपळ. पुढच्या महिन्यात मोठ्या शहरात नोकरीवर रुजू व्हायचे होते, त्यामुळे मनाने ती केव्हाच निघून गेली होती. घरी वडील तीन वर्षे अर्धांगवायूने अंथरुणावर होते. मोठी बहीण सकाळी बालवाडीत शिकवी आणि उरलेला सगळा दिवस वडिलांचे करी. भाऊ परगावी होता.

त्या दिवशी दुकानात एक व्यापारी आला. बिल्डर लोकांना न बांधलेल्या इमारती पडद्यावर बांधून दाखवण्याचा त्याचा धंदा होता. झाडे, तळी, बाल्कनीत चहा पिणारे सुखी कुटुंब, सगळे काही. त्याला पडद्यावर चित्रे उभी करणारे, बाजारातले सर्वांत ताकदीचे ग्राफिक्स कार्ड घातलेले यंत्र हवे होते, आणि ते पुढचे तीन दिवस अखंड चालणार होते.

गुरू शिष्येला म्हणाला, "याचा एसएमपीएस तू निवड."

एसएमपीएस म्हणजे यंत्रातल्या प्रत्येक भागाला वीज पुरवणारा डबा. कार्ड निवडताना लोक महिनाभर रात्री जागवतात, आणि हा डबा मात्र कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो घेतात. तो दिसत नाही, चमकत नाही, त्याचे कोणी कौतुक करत नाही. शिष्या इतकी अडाणी नव्हती. तिने कागदावर बेरीज मांडली. कार्ड साडेतीनशे वॅट, प्रोसेसर दीडशे, बाकी किरकोळ साठ. झाले पाचशे साठ. तिने चांगल्या कंपनीचा साडेसहाशेचा डबा काढला. त्या डब्याबरोबर कार्डासाठी दोन वायरी आल्या होत्या, आणि प्रत्येक वायरीला दोन तोंडे होती. कार्डाला वीज घेण्याच्या जागा दोन. तिने एकच वायर घेतली आणि तिची दोन्ही तोंडे कार्डात खोचली. दुसरी वायर प्लॅस्टिकच्या पिशवीत, खोक्यातच राहिली.

यंत्र चाचणीला लावून तिने जेवणाचा डबा उघडला, तेवढ्यात भावाचा फोन आला.

"अगं, तू गेल्यावर बाबांचं काय? दिवसा एखादी बाई ठेवायची का?" भाऊ विचारत होता.

"कशाला? ताई आहे ना. भागतंय की तिच्यावर," ती घास चावत म्हणाली. "गेली तीन वर्षं भागतंय. तू उगाच काळजी करतोस, दादा. तिची कधी तक्रार ऐकलीस का?"

गुरू समोर बसून दही-भात खात होता. त्याचा हात ताटात थांबला, मग पुन्हा चालू लागला.

तासाभराने व्यापारी परत आला. काचेच्या बाजूने आत डोकावून खूश झाला. "वा मॅडम! आत काय मोकळं-मोकळं ठेवलंय! वायरींचं जंजाळ नाही नि काही नाही. लग्नातल्या रुखवतासारखं दिसतंय."

शिष्या फुलली. गुरूने काच काढली, आत हात घातला आणि कार्डाच्या वायरीला हाताची मागची बाजू लावली. ती त्याने बराच वेळ तशीच ठेवली.

"खोक्यात काय उरलंय?" त्याने विचारले.

"एक वायर, सर."

"मग ती का नाही लावलीस?"

"गरजच नाही ना. एका वायरीत भागतंय."

गुरूने यंत्र बंद केले. कार्डाला लावलेली वायर उपसून काढली, ड्रॉवरमधली कात्री घेतली आणि सर्वांच्या देखत तिचे दुसरे तोंड कापून टाकले. कापलेल्या टोकांवर रबरी नळी चढवली, गरम करून घट्ट बसवली. तोंड बिस्किटांच्या डब्यात टाकले. टण्ण असा आवाज झाला.

"अहो सर!" व्यापारी जवळजवळ ओरडला. "नवीन माल आहे माझा! वॉरंटीचं काय?"

"वॉरंटी माझी, शेठ. चहा पिऊन या. तोवर मोठा एसएमपीएस बसवून ठेवतो, याच कंपनीचा, हजार वॅटचा. या वायरी त्यालाही चालतात. वरचा फरक माझ्याकडे."

"यंत्र चालत होतं हो पण!"

"चालत होतं. म्हणूनच भीती वाटली."

व्यापारी मान हलवत जिना चढून गेला. "म्हातारा हुशार आहे, पण डोक्याने जरा..." एवढे शब्द खाली ऐकू आले.

शिष्येने बेरजेचा कागद त्याच्यापुढे आपटला. "माझी बेरीज चुकली होती का? सांगा ना! तासभर चालवलं, एकदा तरी बंद पडलं का? तुम्ही मला गिऱ्हाइकासमोर मूर्ख ठरवलंत, सर."

"बेरीज बरोबर होती, पोरी. बस."

ती बसली नाही. गुरूने बिस्किटांच्या डब्यातून एक जुने तोंड काढून तिच्या तळहातावर ठेवले. ते नुसते कापलेले नव्हते. जळून त्याचे प्लॅस्टिक मेणासारखे ओघळले होते.

"कार्ड रोज किती खातं ते तू धरलंस," तो म्हणाला. "पण कार्ड दचकतं. पडद्यावर अचानक काही अवघड आलं की डोळ्याचं पातं लवतं ना लवतं तोवर ते दुप्पट मागतं. ते तुझ्या बेरजेत कुठंय? आणि ही वायर बघ. समोरून दोन तोंडं दिसतात. वाटतं, दोन ठिकाणी दोघं जण काम करतायत. मागे जाऊन पाहिलं तर ओढणारी एकच. तिला आवाज नाही, दिवा नाही. बंद पडेपर्यंत ती चालूच असते, म्हणून आपण म्हणतो, भागतंय."

पुढचे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

"माझ्या घरी दोन आजारी माणसं होती. आई अंथरुणाला खिळलेली आणि धाकटा भाऊ, त्याचं डोकं ठिकाणावर नसायचं. अकरा वर्षं दोघांचं शालनने केलं. माझी बायको. मी कॉलेजात मुलांना शिकवायचो की यंत्र कधी पूर्ण क्षमतेवर चालवू नये, वर जागा ठेवावी. मुलं लिहून घ्यायची. घरी यायचो तेव्हा ताट वाढलेलं असायचं. नातेवाईक विचारायचे, मदतीला कोणी ठेवत का नाही? मी म्हणायचो, शालनवर भागतंय."

"मग?" शिष्येचा आवाज खाली आला होता.

"आई गेली. त्या दिवशी घरात चाळीस माणसं. भाऊ घाबरून किंचाळत होता. शालन त्याला शांत करायची, मग चुलीपुढे जायची, मग पुन्हा त्याच्याकडे. रोजचं तिने अकरा वर्षं ओढलं. तो एक दिवस तिला ओढता आला नाही. दुपारी चहाच्या कपांचा ट्रे हातात घेऊन उभ्याउभ्या खाली कोसळली, ती पुन्हा उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, यांचं ब्लडप्रेशर शेवटचं कधी तपासलं होतं?" त्याने टेबलावरच्या मीटरकडे पाहिले. "दुसऱ्याच्या प्रत्येक यंत्राला मी हे लावलं होतं. घरात कधीच काही तपासलं नव्हतं."

वर बाजारात कोणीतरी शटर ओढले.

"आपल्या भाषेत हा शब्द मोठा खरा आहे, पण आपण अर्धाच ऐकतो," गुरू म्हणाला. "काम भागतं, आणि माणूसही भागतं. दमलाभागला म्हणतो ना, तो भागला. पहिलं भागतं ते दुसरं भागतं म्हणून. मी दुसरं तोंड कापतो ते एवढ्यासाठी, की पुढच्याला सोयच राहू नये. दुसरी जागा भरायची तर त्याला खोक्यात हात घालून दुसरी वायर काढावीच लागेल."

शिष्येने खोक्यातली पिशवी उचलली. आतली वायर कारखान्यातून आली तशीच नीट गुंडाळलेली होती, एकही वळण सुटलेले नव्हते. तिच्याकडे पाहता पाहता तिला घरातल्या स्वतःचीच आठवण झाली. तिने पिशवी फाडली. नवा डबा बसवला, दोन वायरी दोन वाटांनी नेल्या. आतून यंत्र आता तितके मोकळे दिसत नव्हते. व्यापारी ते घेऊन गेला.

ती घरी पोचली तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. वडिलांचे अंग पुसण्याची आणि त्यांना कुशीवर वळवण्याची ती वेळ. ताई हातात ओला टॉवेल घेऊन आतल्या खोलीकडे निघाली होती.

"ताई, तू बस जरा."

ताईचा चेहरा एकदम उतरला. "का गं? काय झालं? दादाचा फोन आला का? काही वाईट आहे का?"

"काही नाही झालं. नुसतं बस म्हणतेय."

"नुसतं कसं बसायचं? बाबा वाट बघतायत." ताईला खरोखरच कळत नव्हते. त्या घरात तिला बस असे कारणाशिवाय कोणी म्हटल्याला किती वर्षे झाली असतील!

शिष्येने तिच्या हातातला टॉवेल काढून घेतला. तो घेताना दुकानातल्या सवयीने तिच्या हाताची मागची बाजू ताईच्या मनगटाला लागली, आणि ती तिने तशीच ठेवली.

मनगट तापलेले होते. चांगलेच तापलेले.

"ताई, तुला ताप आहे!"

"कणकण आहे थोडी. सकाळी गोळी घेतली."

"कधीपासून?"

"असेल आठ-दहा दिवस." ताई टॉवेलकडे हात पुढे करत हसली. "दे इकडे. काही होत नाही मला. भागतंय."

तीन वर्षे एकाच छपराखाली तो शब्द तिने हजारदा ऐकला होता. दुपारी घास चावता चावता स्वतः उच्चारला होता. तिने ताईला खांद्यांना धरून खुर्चीत बसवले आणि टॉवेल घेऊन आत गेली.

वडिलांनी दाराकडे पाहिले. तिला पाहून त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटले. तिने त्यांचा गार, जड हात हातात घेतला. पुढे काय करतात हे तिला माहीत नव्हते. तीन वर्षांत तिने ते एकदाही उभे राहून पाहिले नव्हते.

"ताई," तिने आतून विचारले, "आधी कुठल्या कुशीवर वळवायचं?"

उत्तर आले नाही. तिने पुन्हा विचारले. मग दारात येऊन पाहिले.

ताईचा एक हात खुर्चीबाहेर लोंबत होता, मान खांद्यावर कलली होती, आणि श्वास संथ, खोल चालला होता. बसायला मिळून पुरती दोन मिनिटेही झाली नव्हती. ती भागली होती.