बुरूड आणि पाच पंचांची शपथ

चूक गावच्या पंचांची होती. आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी त्यांचे पिकलेले केस बघून तुम्ही विरघळाल.

फार वर्षांपूर्वी एका डोंगराळ मुलखावर परक्यांचं राज्य होतं. तिथल्या एका गावात एक बुरूड राहायचा. तो दुहेरी विणीच्या टोपल्या करायचा आणि दोन विणींच्या मधे बंडवाल्यांच्या चिठ्ठ्या दडवून गावोगाव पोचवायचा. एक दिवस परक्यांना सुगावा लागला. बुरूड रानात पळाला आणि पुढे दुसऱ्याच नावाने लपून राहिला.

त्याला वाचवायला पाच पंचांनी देवळात बेलभंडारा उचलून शपथ घेतली, "असा माणूस आमच्या गावात कधी नव्हताच, असंच सांगू." शिपायांनी त्यांना चाबकाने फोडलं. एकही फुटला नाही. तेवढं मोठेपण मान्य.

बारा वर्षांनी परके गेले आणि बुरूड गावी परतला. देवळासमोर पंच बसले होते, पण चारच. पाचवा मधल्या काळात वारला होता.

"काका, आलो मी. आता तरी चारचौघांत माझं नाव घ्या."

थोरला पंच खाकरला. "बेलभंडारा पाचांनी उचलला, तो पाचांनीच खाली ठेवायचा, तेव्हाच शपथ सुटते. पाचवा आता कुठून आणू?"

"मग मी कोण?"

"असा माणूस आमच्या गावात कधी नव्हता."

बुरुडाची बहीण गर्दीतून पुढे आली. "मी नाही घेतली शपथ. हा माझा सख्खा भाऊ आहे."

"तुला देवळात बोलावलंच नव्हतं," थोरला म्हणाला. "तुझी शपथ नाही, तशी साक्षही नाही."

बुरूड हसला. "चाबूक खाताना गप्प बसलात, ते कळलं काका. आता कोण मारतंय?"

शपथ मोडली तर देव कोपेल, या भीतीने म्हातारे गप्प होते. म्हाताऱ्यांच्या भीतीने तरणेही गप्प होते.

तीन दिवस तो वेशीबाहेर बसला. चौथ्या दिवशी उठून गेला.

पुढे अंथरुणाला खिळल्यावर थोरला रडत म्हणाला, "बेलभंडारा चौघांनी खाली ठेवला असता, तरी देवाने चालवून घेतलं असतं रे. आणा त्याला." माणसं धावली आणि हात हलवत परत आली.

माणूस वाचवायला घेतलेली शपथ त्याच माणसाच्या मुळावर आली, तर ती मोडावी.

बुरूड परमुलखात मेला. त्याला जाळताना त्याचं खरं नाव तिथे कुणालाच माहीत नव्हतं.