पावडरीचं घर

"आणि काम झाल्यावर ती पावडर जाते कुठं?"

आर्जवमती माताजींनी विचारलं. आवाज असा कोरडा, की शब्द ओठांवरून सुटताना अडकत होते.

श्रेणिक हसला. हा प्रश्न त्याला नवा नव्हता. कॉलेजात, परिषदांमध्ये, कुणी ना कुणी तो विचारायचंच.

"कुठंच जात नाही, माताजी. तीच तर तिची करामत. ऊन पडलं की ती रंगाचे तुकडे तुकडे करते. रंग संपतो, ती संपत नाही. जशी होती तशीच राहते. उत्प्रेरक म्हणतात तिला."

"राहते ना?"

"राहते की."

"कुठं?"

"पाण्यातच… पण खाली बसते. वरचं पाणी आपण घ्यायचं."

माताजींनी मोरपिसांची पिच्छी उजवीकडची डावीकडे ठेवली आणि डोळे मिटले.

श्रेणिकला वाटलं, पटलं त्यांना.

गावच्या बस्तीला, म्हणजे जैन मंदिराला, लागून ती खोली होती. दीक्षा घेण्याआधी माताजी याच गावात पाठशाळेच्या बाई होत्या; श्रेणिक त्यांच्याकडंच शिकलेला. विहार करत निघाल्या असताना पाय सुजला म्हणून इथं थांबल्या, आणि नेमकं इथलंच पाणी बिघडलेलं.

त्यांचा नेम साऱ्या गावाला ठाऊक. आहार दिवसातून एकदा, पाटावर बसून, ओंजळीत. पाणीसुद्धा तेव्हाच काय ते. तेही विहिरीचं, हातानं शेंदलेलं, दुहेरी कापडातून गाळलेलं, उकळलेलं. नळाचं नको, बोअरचं नको, टँकरचं तर नाहीच. आणि ओंजळीत केस, किडा, नको ते काही दिसलं, की अंतराय. ओंजळ सोडायची, उठायचं. मग थेट उद्या.

ओढ्याच्या वरच्या अंगाला सूत रंगवणाऱ्यांच्या शेड होत्या. यंदा वैशाखात ओढा आटला आणि काठच्या साऱ्या विहिरी लालसर झाल्या. बस्तीचीसुद्धा.

परवा दोन ओंजळी झाल्या आणि माताजींना रंग दिसला. अंतराय.

काल पहिल्याच ओंजळीला.

माताजींचा चौका, म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक, सुगंधाक्का सांभाळायच्या. त्यांनी काल सकाळीच श्रेणिकला फोन लावला. "पाण्याचं शिकलायस ना एवढं? मग ये. का नुसतं फोटोतच शिकलायस?"

तो दुपारी आला. गाडीत दोन गोष्टी होत्या. एक बाटली, टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्याशुभ्र पावडरीची. तिचा एकेक कण केसाच्या जाडीचे हजारो भाग करावेत एवढा बारीक. आणि पोत्यात गुंडाळलेली मंगलोरी कौलं. त्यांच्यावर तीच पावडर लेपून, भट्टीत भाजून पक्की बसवलेली.

कौलं त्यानं गाडीतून काढलीच नाहीत. त्यांच्यावरून पाणी सोडत बसायचं म्हणजे रंग जायला दिवस मोडतो. पावडर थेट पाण्यात कालवली की तास-दोन तासांत काम. आणि माताजींचा चेहरा बघून त्याच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं.

काल दुपारी त्यानं बस्तीच्या गच्चीवर पराती मांडल्या. गाळलेलं पाणी ओतलं, पावडर कालवली. कुंकवासारखं पाणी उन्हात बघता बघता फिकं होत गेलं. आक्का पदर डोक्यावर घेऊन वाकून बघत राहिल्या.

"आता गं बाई," त्या म्हणाल्या. "रंगपंचमीचं पाणी, आणि बघा कसं नितळ झालंय. लेका, तुझ्या आईनं तुला उगीच मारलं रे लहानपणी."

रात्रभर पाणी निवळत ठेवलं. सकाळी आक्कांनी वरचं वरचं पुन्हा गाळून घेतलं, उकळलं.

आणि आता आहाराची वेळ झाली होती.

माताजी पाटावर बसल्या. मौन सुरू झालं. छपरात एक काचेचं कौल होतं, त्यातून उन्हाचा कवडसा खाली उतरला होता. आक्कांनी लोटा उचलला. श्रेणिक दाराशी उभा होता.

ओंजळीत पाणी पडलं.

माताजींनी ती ओठांकडे नेली नाही. हळूच पुढं केली… कवडशात.

लोट्यात नितळ दिसणारं ते पाणी उजेडात आतून पांढरं झालं. ताकाचं भांडं विसळावं तसं. खालच्या तळहाताच्या रेषा पुसट झाल्या.

माताजींनी एकदा पाण्याकडं बघितलं. एकदा श्रेणिककडं.

बोटं उघडली.

पाणी खालच्या घंगाळात पडलं. केवढासा तो आवाज, पण श्रेणिकला तो फार मोठा वाटला. माताजी भिंतीला हात टेकून उठल्या, पिच्छी घेतली आणि आपल्या खोलीकडं निघाल्या. उंबऱ्यावर एकदा तोल गेला. सावरल्या. गेल्या.

"झालं," आक्का खालच्या आवाजात म्हणाल्या. "आजचंही गेलं."

"आक्का, विषारी नाही ती. भिंतीच्या रंगात असते. दात घासायच्या पेस्टमध्येसुद्धा असते."

"मग उद्या त्यांच्या ओंजळीत पेस्टच पिळू या. काय?"

त्यानं घंगाळात वाकून बघितलं. कापडातून आली कशी… आली नाही तर काय. दुहेरी काय, दहा पदरी कापड असतं तरी आली असती. हे त्याला ठाऊक होतं. काल दुपारीही ठाऊक होतं.

"आक्का, आज सकाळी गाळलं ते कापड कुठाय?"

"वाळत घातलंय."

"धुतलं कुठं?"

"आता काय म्हणावं. पाठशाळेत शिकलेला तू, आणि मला विचारतोस? जिथलं पाणी तिथं. बादली खाली पाण्याला टेकवून, हळूच कलती करून सोडलं. परातीच्या तळाशी पांढरं पांढरं राहिलं होतं, तेही सोडलं. त्यात एखादा जीव असला म्हणजे?"

श्रेणिकच्या तोंडचं पाणी पळालं.

तो विहिरीकडं धावला. बादली सोडली, शेंदली, उन्हात धरली. लालसर पाण्याला आता दुधाळ झाक होती. रंग होताच. वर त्यानं आणलेलं हेही आलं होतं.

खोलीच्या दाराशी येऊन तो उभा राहिला. आत जायचं धाडस होईना.

माताजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठांना भेगा पडल्या होत्या.

"ये," त्या म्हणाल्या.

"वंदामि, माताजी." तो गुडघ्यांवर बसला. "माझं चुकलं. विहिरीत पण गेली ती. मी काय करू?"

"पाठशाळेत काय शिकवलं होतं? पाणी गाळल्यावर?"

"कापडावर जे राहतं ती जिवाणी. ती ज्या विहिरीची त्याच विहिरीत सोडायची."

"का?"

"कारण… ते तिचं घर. लहानात लहान जीव असला तरी त्याचं घर असतं. दुसऱ्याच्या घरात नेऊन टाकला तर तो मरतो."

"पाठ आहे अजून."

"आहे."

माताजींनी डोळे मिटले. श्रेणिकला वाटलं, झोप लागली की शुद्ध हरपली. तो पुढं वाकला.

"तुझ्या पावडरीचं घर कुठलं?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

उत्तर त्याच्याकडं होतं. गाडीत, पोत्यात गुंडाळून पडलं होतं.

"कौल," तो कसाबसा म्हणाला. "कौलावर बसवलेली आहे. तिथून हलत नाही. पाणी वरून जातं, ती जागची जागी राहते. पण फार वेळ लागतो, माताजी. आणि तुम्हाला तहान…"

"तहान मला आहे," माताजी म्हणाल्या. "घाई कुणाला होती?"

तो उठला. डोळे पुसायलाही थांबला नाही.

वैशाखातली विहीर. पाणी गुडघाभरच राहिलेलं. तो शेंदत गेला, आक्का गाळत गेल्या. जिवाणी जपून परत सोडली. मग शेंदलेल्या पाण्यानं भरलेल्या प्रत्येक मोठ्या काहिलीत तुरटी फिरवली. तुरटीनं ते पांढरे कण एकमेकांना धरतात, जड होतात, तळाला बसतात. तळाचा गाळ त्यानं आपल्या रिकाम्या बाटलीत भरला.

"हे कशाला जपतोस?" आक्कांनी विचारलं.

"जिथली तिथं," तो म्हणाला.

आक्कांनी बाटलीला बूच लावून दिलं.

विहिरीत झऱ्याचं ताजं पाणी झिरपू लागलं होतं. लालसरच, पण दुधाळ नव्हे. ते गाळून त्यानं गच्चीवर नेलं. उन्हाला तोंड करून कौलं उतरती मांडली. वरून लोट्यानं धार सोडायची, खाली परातीत धरायची, पुन्हा वर नेऊन सोडायची. पाठ भरून आली. तळवे भाजले. पाणी कुंकवाचं गुलाबी झालं, गुलाबीचं फिकं झालं… आणि तेवढ्यात ऊन कललं.

"गाडीत अतिनील किरणांचा दिवा आहे, आक्का. त्या उजेडातही चालतं थोडं."

"सूर्य मावळल्यावर चौक्याच्या पाण्याला हात लावायचा नाही. दिवा बिवा काही नाही."

काम थांबलं. कौलांचंही आणि आक्कांचंही.

पहाटे श्रेणिक गच्चीवर येऊन पूर्वेकडं बघत बसला. पाण्याला अजून झाक होती, गुलाबाची पाकळी धुवावी एवढी. तेवढीही पुरे होती अंतरायाला. आज जर… पुढचं त्याच्या मनात येईना. त्यानं येऊ दिलं नाही. खालच्या खोलीतून माताजींचा जाप ऐकू यायचा तो आज ऐकू येत नव्हता. ओठ नुसते हलत असतील. हलत असतील ना?

सूर्य उगवला आणि एक ढग आडवा आला.

तो हात जोडून उभा राहिला. कुणाला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. ढग सरकला. कौलं चमकली. त्यानं लोटा उचलला.

धार. परात. पुन्हा धार.

ऊन डोक्याशी येत चाललं तेव्हा त्यानं लोटाभर पाणी काचेच्या पेल्यात घेतलं आणि खाली येऊन छपरातल्या कवडशात धरलं. बराच वेळ धरलं. पेल्याच्या पलीकडं आक्कांचा चेहरा होता, सुरकुतीन् सुरकुती दिसत होती.

"काय बघतोस?" आक्का म्हणाल्या. "मी काय आता तरणी दिसणार आहे?"

"नाही, आक्का. आहे तशाच दिसताय."

"मग दे इकडं. उकळते."

माताजींना धरूनच पाटावर आणावं लागलं. ओंजळ जुळली. आक्कांनी पाणी सोडलं.

ओंजळ कवडशात गेली.

खालच्या रेषा दिसल्या. एकेक, स्पष्ट.

माताजींनी बघितलं… आणि ओंजळ ओठांना लावली.

मग दुसरी. मग तिसरी. आक्का लोटा सोडत राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी लोट्यात पडू नये म्हणून मान वर करून राहिल्या.

श्रेणिक दाराशी बसून होता. आता त्या आपल्याकडं बघतील असं त्याला वाटलं. माताजींनी ओंजळभर पेज घेतली, थोडं मऊ वरण घेतलं, पुन्हा पाणी घेतलं. दाराकडं एकदाही बघितलं नाही.

आहार संपला. मौन सुटलं. माताजी खोलीत जाऊन टेकल्या. चेहऱ्यावर जरा ओल आली होती.

श्रेणिक मागोमाग गेला. वंदन केलं. बसला.

"माताजी…"

"हं."

"पाणी कसं होतं?"

माताजींनी खिडकीतून वर, गच्चीकडं बघितलं. कौलं अजून उन्हात मांडलेली होती. धार थांबली होती. ओली होती ती वाळत चालली होती.

"काम झाल्यावर त्या कौलानं असं विचारलं का रे?"