दार नसलेली चौकट

करंजटेकडीवरच्या पाठशाळेला सागवानी चौकट आहे, दार मात्र नाही. नवखे पाहुणे हटकून विचारतात, दार चोरीला गेलं का? मग शेजारच्या देवळाचे गुरव सोनूनाना चौकटीपाशीच बसकण मारतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी इथे भास्करशास्त्री मुख्य आचार्य होते. त्यांची शिस्त अशी, की पोरांनी शिंकसुद्धा विचारून द्यावी. सांजेची घंटा झाली की दाराला आतून कुलूप. मग साक्षात देव आला तरी त्याने सकाळी यावं! किल्ली आळीपाळीने एकेका विद्यार्थ्याकडे असे; त्या दिवशी त्याने पाठशाळा सोडायची नाही.

अशा ठिकाणी धुंडीपंत शिकवायला आले. ज्योतिष शिकवताना ते पोरांना उन्हात नेऊन काठीची सावली मोजायला लावत. व्याकरण घ्यायचं तर ओढ्यात पाय सोडून बसत. "पाठ झालंय रे, पण कळलंय का?" असं विचारत. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची, त्यात वामन सर्वांत जास्त.

एकदा वैशाखात पंत पोरांना नदीचा उगम दाखवायला डोंगरावर घेऊन निघाले. किल्लीची पाळी नेमकी वामनाची. "तुला पुढच्या वेळी नेईन," पंत म्हणाले. वामन असा रुसला, की दिवसभर जेवला नाही.

मंडळींना परतायला उशीर झाला. घंटा झाली, वामनाने कुलूप घातलं. तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि लिंबाएवढ्या गारा कोसळू लागल्या, असं सांगतात. दार वाजलं.

"वामना, उघड बाळा. पोरं आहेत बरोबर."

"शास्त्रीबुवांची आज्ञा नाही," वामन आतून म्हणाला. ओठांवर आज्ञा होती, पण मनात राग. भिजू देत थोडे, असं त्याला वाटलं.

पंतांनी वाद घातला नाही. आवाराच्या भिंतीशी ओणवं होऊन त्यांनी एकेका पोराला पाठीवरून भिंतीवर चढवलं. "आत उतरा आणि आधी चुलीपाशी जा," म्हणाले. वामन आता दार उघडेलच, असं समजून पोरं चुलीकडे पळाली. त्यांना स्वतःला वर घ्यायला बाहेर कुणी उरलं नाही. ते पुन्हा दाराशी आले.

"रुसलास होय रे? उद्या आपण दोघंच जाऊ."

वामन विरघळला. पण लगेच उघडायचं म्हणजे हार खायची! किल्ली मुठीत धरून तो तसाच उभा राहिला.

बाहेरचा पंतांचा आवाज थांबला. त्याने घाबरून दार उघडलं, तसे दाराला टेकून बसलेले पंत आत कलंडले. गारांनी डोकं फुटलं होतं. ते पुन्हा उठले नाहीत.

वामनाला कुणी बोल लावला नाही. उलट, आज्ञा पाळलीस म्हणून शास्त्रीबुवांनी त्याची पाठ थोपटली म्हणे. ती थाप त्याला कैक वर्षं जाळत राहिली. पुढे तोच मुख्य आचार्य झाला. गादीवर बसण्याआधी त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "आज्ञेसाठी नाही, रुसव्यापायी मी दार उघडलं नाही. पंत माझ्यामुळे गेले." आणि स्वतःच्या हातांनी दार बिजागऱ्यांवरून उतरवलं.

तेव्हापासून सांजेची घंटा झाली की वामनशास्त्री बाहेर उभे राहून हाक घालत, "बाहेर कोण राहिलंय? आत या." पाऊस असो, थंडी असो, बराच वेळ तिथेच थांबत. शिष्य म्हणत, "गुरुजी, चला आता, सगळे आत आलेत."

ते म्हणत, "सगळे नाही रे."

आजही इथले आचार्य रोज सांजेला ही हाक घालतात, आणि सगळ्यांच्या शेवटी आत येतात.