मुंग्यांच्या बाई

नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावाला एक बालवाडी होती आणि बालवाडीला हेमलताबाई होत्या. हेमलताबाईंना सगळं ठाऊक होतं. निदान गाव तसं समजत होतं, आणि बाईंनीही गावाचा गैरसमज कधी दूर केला नव्हता. चंद्र आपल्या मागे मागे का येतो, कोंबडा पहाटेच का आरवतो, काहीही विचारा, बाईंचं उत्तर तयार. मुलाचं विचारून होण्याआधीच बाईंचं सांगून झालेलं असायचं.

बाईंच्या बालवाडीतली रांग तर आसपासच्या गावांतही नावाजलेली होती. हात धुवायला रांग, खाऊला रांग, घरी जायला रांग. एक हात पुढच्याच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हाताचं बोट तोंडावर. एवढीएवढीशी पोरं, पण चूं की चां नाही. आया दारातून बघत आणि कौतुकाने एकमेकींना कोपराने ढोसत.

एकदा खाऊला गूळ-शेंगदाणे होते. रांगेत उभी असलेली सगुणा एकदम खाली बसली. ही सगुणा अंगाने चिमुरडी, पण तोंडावरचं बोट सारखं घसरणारी. भिंतीच्या कडेने मुंग्यांची एक लांबच लांब ओळ कुणाच्या तरी हातून सांडलेल्या गुळाकडे निघाली होती. सगुणा ती बघतच राहिली.

"बाई, मुंग्यास्नी रांगंत कोन उभं करतं?" तिने विचारलं.

खरं तर बाईंना ठाऊक नव्हतं. पण 'ठाऊक नाही' हे शब्द त्यांच्या तोंडाला सवयीचे नव्हते. त्यांनी ताबडतोब सांगून टाकलं, "त्यांच्या बाई. त्या सगळ्यांत पुढे चालतात. चल, ऊठ, रांगेत उभी राहा."

इथेच बाई फसल्या. चंद्राची चौकशी करायला कोण वर जाणार? पण मुंग्यांच्या बाई तर याच खोलीत होत्या! दुसऱ्या दिवसापासून सगळी बालवाडी त्यांच्या शोधाला लागली. केदार नावाचा एक गुबगुबीत मुलगा ओळीच्या मागे सरपटत भिंतीच्या भेगेपर्यंत गेला. सगुणा दुसऱ्या बाजूने गुळापर्यंत गेली. पाहतात तर काही मुंग्या जात होत्या आणि काही येत होत्या. मग पुढची म्हणायची कुणाला? एखादी टपोरी मुंगी दिसली की मुलं आनंदाने नाचायची, आणि तिच्याहून मोठी दिसली की पुन्हा नाचायची. बाई रागावल्या की मुलं रांगेत यायची आणि बाईंची पाठ वळली की परत जमिनीवर पालथी पडायची. मुलांना एवढी मजा आजवर कधी आली नव्हती.

बाईंच्या जिवाला मात्र घोर लागला होता. तालुक्याच्या गावी टाय-बुटांची नवी शाळा निघाली होती आणि तिची पिवळी बस गावात यायला तयार होती. पोरं तिकडे पाठवायची की इथली बालवाडी चालू ठेवायची, हे ठरवायला गावातली मोठी माणसं शुक्रवारी येणार होती. सगुणाचे आजोबा, तात्या जगदाळे, त्यांच्यात पुढारी होते आणि त्यांचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नसे. बालवाडी बंद पडली असती तर बाईंचं सगळंच गेलं असतं. या मुलांवर त्यांचा फार जीव होता.

शुक्रवार उजाडला. पाहुणे खुर्च्यांवर बसले. मुलांनी सुरेख रांग केली, गाणी म्हटली, आकडे म्हटले. तात्यांनी खूश होऊन मान हलवली आणि नातीला विचारलं, की पोरी, बाईंनी आणखी काय शिकवलं?

सगुणाने तोंडावरचं बोट काढलं.

"बाई म्हनल्या, मुंग्यांच्या बाई फुडं चालत्यात. आम्ही लई हुडकलं तात्या. तितं बाई न्हाईतच."

सगळे हेमलताबाईंकडे बघायला लागले. बाईंच्या जिभेवर नेहमीप्रमाणे उत्तर तयार होतं. मुंग्यांच्या बाई बिळात बसून हुकूम सोडतात, असं म्हटलं की झालं. बीळ उकरून कोण बघणार होतं? पाहुणे हसले असते आणि बालवाडीही वाचली असती. पण बाईंची नजर सगुणाच्या कोपरांकडे गेली. जमिनीवर सरपटून सरपटून ती सोलवटली होती. आपण उगाच काहीतरी सांगितलं आणि ही पोर ते खरं मानून इतकी राबली, याची बाईंना मनापासून लाज वाटली.

"सगुणा, मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "त्या दिवशीही नव्हतं. मी तुम्हाला खोटंच सांगितलं."

एक पाहुणे खाकरले. बाईंनाच येत नाही तर पोरांना काय येणार, असं ते शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बाईंचे कान तापले. मुलांचे चेहरे मात्र अचानक सुट्टी मिळाल्यासारखे फुलले होते.

"म्हंजी आपनच हुडकायचं?" केदारने विचारलं. बाईंनी मान हलवताच ती नावाजलेली रांग फुटली आणि सगळी पोरं भिंतीकडे धावली. बाईंनी पदर खोचला आणि पहिल्यांदाच त्याही मुलांबरोबर गुडघ्यांवर बसल्या.

सगुणाने बोट ओलं केलं आणि मुंग्यांच्या वाटेवर आडवं घासलं. पुढच्या मुंग्या तिथे येऊन थबकल्या. काही मागे फिरल्या, काही एकमेकींवर आदळल्या. पलीकडून येणाऱ्या मुंग्याही थांबल्या. "वाट पुसली गेली!" सगुणा ओरडली. पण जमिनीवर तर काहीच दिसत नव्हतं, मग पुसलं काय? केदार बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, आमच्या घरी मासे तळले की मांजर येतं, त्याला कुणी बोलवत नाही, वासच बोलावतो. सगुणाने जमिनीला नाक लावून हुंगलं. तिला कसलाच वास येईना. त्यावर केदारने तिला समजावलं, की तुझं नाक मुंगीचं नाही.

तेवढ्यात एक मुंगी चाचपडत पुसलेली जागा ओलांडून गेली. तिच्यामागून दुसरी गेली, मग तिसरी, आणि ओळ पुन्हा जुळली. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाईही टाळ्या वाजवत होत्या आणि आपण वाजवतोय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"सरका की जरा. मला बी दिसू द्या," मागून आवाज आला. तात्या टोपी हातात धरून ओणवे झाले होते. त्यांच्यामागे बाकीची मोठी माणसंही होती. मघाशी खाकरलेले पाहुणे तर स्वतःच बोट ओलं करून घासत होते.

जाताना तात्यांनी सोबतच्यांना सांगितलं, की बसवाल्याला नको म्हणून कळवा. मग ते बाईंकडे वळले. "उद्या मी पुन्हा येनार हाय, बाई. त्या मुंग्यांचं बघायचं अजून लई राह्यलंय."

घरी जायची वेळ झाली. बाईंनी सवयीने रांग करायला सांगितली. मुलं उभी राहिली, पण सगुणाचा हात काही खांद्यावर गेला नाही.

"बाई, मुंग्यास्नी वास सांगतो. मग आपन कशापायी रांगंत जायाचं?"

बाईंनी तोंड उघडलं. उत्तर तयारच होतं. त्यांनी ते गिळलं आणि म्हणाल्या, "करून बघू या."

मुलं रांगेशिवाय निघाली आणि दारात चेंगरून खो खो हसली. मग रांगेने निघाली. असं पुन्हा पुन्हा करून त्यांनी आपलं आपणच ठरवलं, की दारातून जायला आणि हात धुवायला रांग बरी, अंगणात तिची गरज नाही. तोंडावरच्या बोटाचा मात्र कशालाच उपयोग सापडला नाही. ते त्या दिवसापासून गेलं ते गेलंच.

तात्पर्य: ठाऊक नाही असं मोकळेपणाने म्हणून जो मुलांबरोबर शोधायला बसतो, तोच त्यांना खरं शिकवतो, आणि त्यांच्याबरोबर स्वतःही मोठा होतो.