आबांचे मोर

एका गावात तुळशीराम साळी नावाचे विणकर राहत होते. सारं गाव त्यांना आबा म्हणे. पैठणीच्या पदरावर मोर विणावा तो आबांनीच, असा त्यांचा लौकिक होता. आणि तो लौकिक सगळ्यांत जास्त आबांनाच पटलेला होता.

पुढे आबांची नजर अधू झाली. पण आबा कबूल होतील तर शपथ! धागा सुटला, की म्हणत, जरच भेसळीची. रंग चुकला, की दिवा मिणमिणता. वर्तमानपत्र वाचता येईना, तेव्हा म्हणाले, "छापखानेवाले हल्ली शाईच घालत नाहीत!" खरं म्हणजे आबा घाबरले होते. लाडक्या नातीचं, रेवतीचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं आणि तिची पैठणी ते स्वतः विणत होते. दिसत नाही म्हटलं, तर तो माग दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार.

तेवढ्यात गावात डोळे तपासणीचं शिबिर भरलं. रेवतीने आबांना जवळजवळ ओढतच नेलं. आबा मुद्दाम रांगेत मागे उभे राहिले. पुढचा प्रत्येक जण पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होता. आबांनी कान टवकारले. नक्ष्या पाठ करण्यात जन्म गेलेला माणूस तो! वीस जण होईपर्यंत त्यांची अक्षरं तोंडपाठ झाली.

नंबर आला. आबा ऐटीत बसले, एक डोळा झाकला आणि सुरू झाले, "ग. त, म. र, व, ल, प..." शेवटची ओळ तर त्यांनी चालीवर म्हटली.

"वा, आजोबा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पडदा मी केव्हाच बंद केलाय. रांगेतली तुमची पुटपुट मघापासून बघतेय मी."

मांडवात हशा पिकला. बाईंनी आबांना एका यंत्रासमोर बसवलं. "इथे हनुवटी टेका."

"इथे काय म्हणायचं असतं?" आबांनी घाईने विचारलं.

"काही नाही. हे यंत्र विचारत नाही, नुसतं बघतं."

आबांनी नाइलाजाने हनुवटी टेकली. शेजारच्या पडद्यावर त्यांचा डोळा थाळीएवढा दिसू लागला. मधली काळी बाहुली ताकासारखी पांढुरकी झाली होती.

"आबा, असल्या डोळ्यांनी तुम्ही माझी पैठणी विणत होता?" रेवतीचे डोळे भरून आले.

"दिसत नाही गं, पोरी," आबा म्हणाले. दोन वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं.

आठवड्याभरात शस्त्रक्रिया झाली. बारीकशा छेदातून मोतीबिंदू काढून तिथे इवलंसं भिंग बसवलं. डॉक्टरांनी मोकळीक देताच आबा थेट मागावर गेले आणि त्यांनी पैठणीचा पदर उलगडला. मोर कुठले! तिथे ओळीने चौदा कोंबड्या बसल्या होत्या. एकीला तर तीन पाय होते.

"अरे, मला कुणी सांगितलं का नाही?" आबा कडाडले.

शेजारच्या मागावरचा दगडू खाली मान घालून म्हणाला, "आबा, तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, आधी तुझे डोळे तपासून घे."

आबा खजील झाले. तो पदर त्यांनी कापून काढला आणि दिवसरात्र खपून नवा विणला. लग्नात रेवतीच्या खांद्यावर खरे मोर मिरवले.

कोंबड्यांचा पदर मात्र आबांनी टाकला नाही. तो मागासमोरच्या भिंतीवर टांगला. आता कुणी जरीला किंवा दिव्याला नावं ठेवू लागला, की आबा फक्त तिकडे बोट दाखवतात.

तात्पर्य: उणीव झाकायला कितीही पाठांतर केलं, तरी ती कामात दिसतेच; 'मला दिसत नाही' एवढं ज्याला म्हणता येतं, त्यालाच पुन्हा दिसू लागतं.