धनेशाची लिंपलेली ढोली

फार मागे एका रानात पाटील निवडायचा, तर ज्याने त्याने झाडाच्या ढोलीत एक फळ टाकायचं. सांबर हवा असेल तर हिरडा, गवा हवा असेल तर बेहडा. एका वर्षी धनेश पक्ष्याने फळं मोजली, गवा जिंकल्याचं सांगितलं आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकलं.

घोरपड आली. "धनेशदादा, मला फळं मोजून बघायची आहेत. पुन्हा लिंपायचे कष्ट पडतील, म्हणून हे एक उंबर आणलंय."

"एक? अख्ख्या झाडाची उंबरं आण," धनेश म्हणाला. मोजणीत काडीची लबाडी नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग येणाऱ्या-जाणाऱ्याची कटकट कशाला? आणि आलीच उंबरं, तर वाईट काय?

घोरपड परतली. भेकरालाही तेच उत्तर मिळालं, सशालाही. मग रानात कुजबुज सुरू झाली, की ढोलीत काहीतरी काळंबेरं आहे. पाणवठ्यावर गव्याला कुणी वाट देईना.

गवा धनेशावर उखडला. धनेशाने घाईघाईने चोचीने लिंपण फोडलं. "या रे सगळे! फुकट बघा! बेहडेच जास्त आहेत!"

सगळे जमले, पण ढोलीत कुणी डोकावेना.

"अगं, मोज ना!" धनेश घोरपडीपुढे काकुळतीला आला.

"त्या दिवशी मोजली असती, तर मान्यही केलं असतं," घोरपड म्हणाली. "पण दादा, त्यानंतर ढोलीपाशी तू एकटाच होतास."